घरच्या घरी पवनचक्की: वारा मोजण्यापासून बॅटरी भरेपर्यंत

१.२ मीटर लांबीची तीन पाती, म्हणजे २.४ मीटर व्यास. एवढी पवनचक्की सेकंदाला ४ मीटर वेगाच्या वाऱ्यात जेमतेम ४० वॉट देते. वारा ८ मीटरवर गेला की तीच चक्की साडेतीनशे वॉटच्या आसपास पोचते. वेग दुप्पट झाला की वीज आठपट होते, कारण वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पुढची सगळी कामं ठरवताना हा एक नियम डोक्यात पक्का ठेवा. वाऱ्याचा वेग थोडा जरी वाढवता आला तर जो फायदा होतो, तो कितीही सुबक पाती कोरून मिळत नाही. आणि वादळात तोच नियम उलटतो, तेव्हा चक्कीला आवर घालण्याची सोय नसेल तर यंत्र हातचं जातं.

म्हणून माझं मत सरळ आहे: यंत्र लहान ठेवा, खांब उंच ठेवा आणि चक्की थांबवण्याची सोय आधी करा.

हिशेब कसा करायचा तेही सांगून टाकतो. पाती फिरताना जे वर्तुळ व्यापतात त्याचं क्षेत्रफळ काढा. २.४ मीटर व्यासाला ते साधारण ४.५ चौरस मीटर येतं. त्याला हवेच्या घनतेच्या निम्म्याने, म्हणजे ०.६ ने गुणा आणि मग वाऱ्याच्या वेगाच्या घनाने. ही झाली वाऱ्यातली एकूण शक्ती. ती सगळी काढून घेता येत नाही. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये मांडलेल्या गणिताप्रमाणे आदर्श चक्कीलाही जास्तीत जास्त ५९.३ टक्केच मिळू शकते, कारण सगळी गती काढून घेतली तर हवा पात्यांमागे साचेल आणि नवा वारा आत येणारच नाही. घरी बनवलेल्या यंत्रात पाती, जनित्र आणि तारा यांतली गळती धरून २० ते ३० टक्के हाती लागले तरी काम उत्तम झालं म्हणायचं. कुणी ७० टक्क्यांचा दावा करत असेल तर तिथेच वाचणं थांबवावं.

आधी गरज, मग वारा

घरात रोज किती वीज लागते ते कागदावर उतरवा. ९ वॉटचे पाच एलईडी दिवे पाच तास म्हणजे २२५ वॉट-तास. ३० वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा दहा तास म्हणजे ३००. लॅपटॉप, मोबाइल, टीव्ही मिळून आणखी चारपाचशे. लहान फ्रिज असेल तर त्याचे हजारभर वेगळे. म्हणजे काटकसरीच्या घराचं दोन युनिटमध्ये भागतं. पाणी तापवणं, इस्त्री, एअर कंडिशनर या यादीत घालू नका. ती कामं या आकाराच्या चक्कीची नव्हेत.

आता वारा. वर्षाचा सरासरी वेग सेकंदाला ४ मीटर असलेल्या जागी वर सांगितलेली चक्की दिवसाला सरासरी दीड युनिट देईल, ५ मीटरच्या जागी तीन युनिट. सरासरी ४ मीटर असताना ४० वॉटला २४ तासांनी गुणलं तर एक युनिटच येतं, मग दीड कसं? कारण वारा कधीच सरासरीने वाहत नाही. जोराचे काही तास घनाच्या नियमामुळे इतकं देऊन जातात की एकूण बेरीज सरासरी वेगाच्या हिशेबापेक्षा वर जाते.

सरासरी वेग ४ मीटरच्या खाली असेल तर चक्कीचा नाद सोडा आणि सौर पॅनल बसवा. छंद म्हणून बनवायला हरकत नाही, पण घर चालवायला नको. वारा चांगला असला तरी थोडे पॅनल जोडीला असावेत. ढगाळ, वादळी दिवसांत चक्की हात देते, स्वच्छ आणि स्तब्ध दिवसांत पॅनल. दोन्ही मिळून बॅटरी लहान घेतली तरी चालते.

पहिला अंदाज घ्यायला ग्लोबल विंड अ‍ॅटलस हे जागतिक बँक आणि डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाचं मोफत संकेतस्थळ आहे. तिथे १० मीटर आणि त्यावरच्या उंचीचा सरासरी वेग नकाशावर दिसतो. पण घरालगतची झाडं, भिंती, उतार त्याला दिसत नाहीत. डोळ्यांनी बघायचं तर ब्यूफोर्ट मोजपट्टी कामाची आहे. पानं नुसती सळसळत असतील तर वारा ३.३ मीटरच्या आत. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील, हलका झेंडा ताणला जात असेल तर ३.४ ते ५.४. धूळ आणि कागद उडत असतील, लहान फांद्या हलत असतील तर ५.५ ते ७.९. खरा निर्णय मात्र वेगमापकावरच घ्यावा. नोंद साठवणारा वाटीवाला वेगमापक एका बांबूवर किंवा पाइपवर, जमेल तितक्या उंच, काही महिने ठेवा. वर्षातले निदान दोन वेगवेगळे ऋतू त्यात आले पाहिजेत.

जागा आणि उंची

घर, झाड, भिंत अशा कुठल्याही अडथळ्यामागे वारा गढूळ होतो. तो भोवरे घेतो, क्षणाक्षणाला दिशा बदलतो. हा गढूळ पट्टा अडथळ्याच्या उंचीच्या दुपटीपर्यंत वर आणि वाऱ्याच्या दिशेने वीसपटीपर्यंत दूर पसरतो. अशा वाऱ्यात वीज कमी मिळते ती मिळतेच, वर बेअरिंग आणि पात्यांवर उलटसुलट धक्के बसून चक्कीचं आयुष्य घटतं. जुना आणि अजूनही खरा ठोकताळा असा: दीडशे मीटरच्या परिघात जे काही सर्वांत उंच असेल त्याहून पात्यांचं खालचं टोक ९ मीटर वर हवं.

उंचीचा दुसरा फायदाही मोजता येतो. झाडंझुडपं आणि घरं असलेल्या प्रदेशात ६ मीटरवरून १८ मीटरवर गेलं की वाऱ्याचा वेग साधारण पंचवीस टक्क्यांनी वाढतो. घनाचा नियम लावला तर वीज जवळपास दुप्पट. म्हणजे दुसरी चक्की बांधण्यापेक्षा पाइपचे आणखी दोन तुकडे जोडणं स्वस्त पडतं.

छपरावर बसवू का, हा प्रश्न हमखास येतो. नको. ब्रिटनमध्ये वॉरिक विंड ट्रायल्स या नावाने इमारतींवरच्या चक्क्यांची वर्षभर मोजणी झाली आणि २००९ मध्ये तिचा अहवाल आला. बंद पडलेले दिवस धरून एका चक्कीची सरासरी निघाली दिवसाला २१४ वॉट-तास. एवढ्यात पाच दिवेच जळतात. शिवाय चक्कीची थरथर भिंतींत उतरते ती वेगळीच.

उभ्या आसाच्या चक्क्यांबद्दलही थोडक्यात. पिंप उभं चिरून केलेलं सावोनियस यंत्र बनवायला सोपं, कोणत्याही दिशेच्या वाऱ्यात फिरतं, पण हळू फिरतं आणि साहित्याच्या मानाने वीज फार थोडी देतं. शिकण्यासाठी ते ठीक आहे. घरासाठी आडव्या आसाची, तीन पात्यांची चक्कीच घ्या.

जनित्र

भंगारातला गाडीचा अल्टरनेटर वापरण्याचा मोह होतो. तो हजाराहून अधिक फेऱ्यांवर काम करण्यासाठी बनलेला असतो आणि चुंबकत्वासाठी स्वतःच बॅटरीतली वीज खातो. पाती मात्र मिनिटाला दोनशे ते पाचशे फेऱ्यांत फिरतात. गिअर किंवा पट्टा घातला की घर्षणात कमाई जाते. ट्रेडमिलची चुंबकवाली डीसी मोटर त्यापेक्षा बरी, पण तिच्यावरची पाटी नीट वाचा. ५००० फेऱ्यांना १३० व्होल्ट असेल तर ५०० फेऱ्यांना जेमतेम १३ व्होल्ट मिळणार. १२ व्होल्टच्या बॅटरीवर पहिला प्रयोग करायला ती चालेल. बॅटरीतून उलटी वीज जाऊन मोटरच फिरू नये म्हणून मध्ये एक डायोड लागतो.

घर चालवायचं असेल तर स्वतः बनवलेलं चकतीचं जनित्र घ्या. स्कॉटलंडच्या स्कोरेग द्वीपकल्पावर राहणाऱ्या ह्यू पिगॉट यांनी १९७०च्या दशकाअखेरीपासून घरगुती चक्क्या बांधत ही रचना घडवली आणि जगभरच्या हौशी कारागिरांनी ती उचलली. रचना अशी: पोलादाच्या दोन गोल चकत्या, दोन्हीवर कडेने चुंबक चिकटवलेले, आणि त्यांच्या मधल्या फटीत रेझिनमध्ये (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रवात) ओतलेली तांब्याच्या गुंडाळ्यांची स्थिर चकती. गुंडाळ्यांत लोखंड नाही, त्यामुळे चक्की मंद वाऱ्यातही न अडखळता सुरू होते.

२.४ मीटरच्या चक्कीसाठी ३०० मिलिमीटर व्यासाच्या, ८ ते १० मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या कापून घ्या. प्रत्येकीवर ४६ × ३० × १० मिलिमीटरचे बारा निओडिमियम चुंबक, त्यांची लांबी केंद्राकडून कडेकडे जाईल असे. शेजारशेजारचे चुंबक आलटून पालटून उत्तर-दक्षिण हवेत, आणि दोन चकत्या समोरासमोर आल्या की प्रत्येक चुंबकासमोर विरुद्ध ध्रुव यायला हवा. लावण्याआधी प्रत्येकाची बाजू खडूने लिहा. चिकटवण्याआधी प्लायवूडचा साचा करा, कारण हाताने अंतर धरता येत नाही. चिकटवल्यावर कडेने रेझिन ओतून घ्या. या चुंबकांना गंज लगेच लागतो.

इथे सावध. हे चुंबक एकमेकांकडे झेपावतात तेव्हा मध्ये बोट आलं तर हाड मोडतं. एका वेळी एकच चुंबक हातात, बाकीचे दूर लाकडावर. टेबलावर लोखंडी हत्यार नको, डोळ्यांवर चष्मा हवा. हृदयाला पेसमेकर असलेल्या माणसाने या कामाजवळ फिरकू नये. दोन पूर्ण चकत्या जोडताना तर हाताने धरण्याचा प्रश्नच नाही. चकतीत तीन आटे पाडून त्यांत लांब स्क्रू घाला आणि ते थोडे थोडे फिरवत वरची चकती खाली उतरवा.

गुंडाळ्या नऊ. मधली पोकळी चुंबकाएवढी, म्हणजे ४६ × ३०. वेढे किती द्यायचे हे कुठल्या तक्त्यातून उतरवू नका, मोजून काढा. वीस वेढ्यांची एक चाचणी गुंडाळी करा, दोन चकत्यांच्या फटीत धरा, चकत्या ओळखीच्या वेगाने फिरवा आणि मल्टीमीटरवर एसी व्होल्ट वाचा. आता उलटा हिशेब. तीन मीटरच्या वाऱ्यात ही पाती मिनिटाला साधारण १७० फेऱ्या घेतात, आणि त्याच वेगाला बॅटरी भरायला सुरुवात व्हायला हवी. २४ व्होल्टच्या बॅटरीसाठी त्या वेळी एका गुंडाळीतून साडेतीन व्होल्ट निघायला हवेत. चाचणी गुंडाळीने १७० फेऱ्यांना एक व्होल्ट दिला असेल तर वीसाला साडेतीनने गुणा: सत्तर वेढे. ४८ व्होल्टची यंत्रणा असेल तर वेढे दुप्पट आणि तारेचा छेद निम्मा. तार जागेत मावेल तेवढी जाड घ्यावी, कारण बारीक तार तापते आणि घरगुती चक्क्यांची जनित्रं बहुतेक वेळा अशीच जळतात.

वेढे फार कमी दिले तर मंद वाऱ्यात बॅटरीला वीज पोचतच नाही. फार जास्त दिले तर पाती बॅटरीच्या व्होल्टेजला बांधली जाऊन जोराच्या वाऱ्यातही हळू फिरतात आणि त्यांची कार्यक्षमता पडते. या दोहोंपैकी चूक करायचीच असेल तर थोडे कमी वेढे बरे.

नऊ गुंडाळ्या गोलात मांडून १, ४, ७ एका ओळीत जोडा. तसंच २, ५, ८ आणि ३, ६, ९. झाले तीन फेज. तिघांची सुरुवातीची टोकं एकत्र जोडा आणि उरलेली तीन बाहेर काढा. सांधे डाग देऊन (सोल्डर करून), वर आवरण चढवून. मग १३ मिलिमीटर प्लायवूडमध्ये कापलेल्या साच्यात खाली फायबरग्लासचं कापड, त्यावर गुंडाळ्या, वर पुन्हा कापड आणि रेझिन. रेझिनमध्ये टाल्कम पावडर मिसळली तर घट्ट होताना ते फार तापत नाही. वर झाकण ठेवून क्लॅम्पने दाबा. ही कामं उघड्यावर करा, वाफा डोक्यात जातात.

जोडणी झाल्यावर गुंडाळ्यांची चकती आणि चुंबक यांच्यातल्या फटीचं अंतर दोन्ही बाजूंनी एक ते दीड मिलिमीटर राहिलं पाहिजे. फिरणारा भाग टेपर बेअरिंगच्या ट्रेलर-हबवर बसवा. चाचणी अगदी साधी: तिन्ही तारा मोकळ्या असताना चकती हलकी फिरली पाहिजे. दोन तारा एकमेकींना लावल्या की फिरवताना गचके जाणवतील. तिन्ही एकत्र लावल्या की ती जडशीळ होईल. मोकळ्या तारांतही जड लागत असेल तर आत कुठेतरी वेढे एकमेकांना चिकटलेत. बॅटरी जोडण्याआधी ते शोधा.

पाती

लाकूड हलकं, सरळ रेषांचं, बिनगाठीचं आणि वाळलेलं हवं. देवदार किंवा चीड उत्तम. तिन्ही पाती शक्यतो एकाच फळीतून. पीव्हीसी पाइप चिरून केलेली पाती मीटर-सव्वा मीटर व्यासापर्यंत ठीक आहेत, पण उन्हाने पाइप ठिसूळ होतो आणि मोठ्या व्यासाला ती वाकतात.

प्रत्येक पात्याला १२० सेंटिमीटर लांब, १५ रुंद आणि साडेचार जाड फळी लागेल. टोकाशी पातं ६ सेंटिमीटर रुंद ठेवा, मध्यावर ११, आणि केंद्रापासून ३० सेंटिमीटरवर १४. पिळाचे कोन टोकाशी ३ अंश, मध्यावर ७, आतल्या बाजूला १५. कोनमापक लावत बसण्यापेक्षा उतार मोजा. वाऱ्याकडच्या बाजूची पुढची कड (फिरताना हवा आधी कापणारी) फळीच्या पृष्ठभागावर ठेवायची आणि मागची कड खाली उतरवायची: टोकाशी ३ मिलिमीटर, मध्यावर साडेतेरा, आत ३७. या खुणा फळीच्या कडेवर करून रेषेने जोडा आणि पटाशी व रंध्याने त्या रेषेपर्यंत लाकूड काढा. ही बाजू सपाट राहते.

पाठीमागची बाजू फुगीर. जाडी टोकाशी ८ मिलिमीटर, मध्यावर १४, मुळाशी २५ किंवा अधिक; मुळाशी लाकूड कमी पडलं तर पाचर चिकटवून घ्या. सर्वांत जाड भाग पुढच्या कडेपासून रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्यावर यावा, पुढची कड गोलसर, मागची कड जमेल तितकी पातळ. मागची कड जाड राहिली तर चक्की शिट्टी घालते. बाकी सुबकतेचा फार ध्यास घेऊ नका. तिन्ही पाती एकसारखी असणं हे प्रत्येक पातं परिपूर्ण असण्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

जवसाच्या तेलाचे तीन-चार हात द्या, किंवा चांगला रंग. पुढच्या कडेला पातळ पट्टी चिकटवा, कारण आठ मीटरच्या वाऱ्यात टोकं ताशी दोनशे किलोमीटरने फिरतात आणि पावसाचे थेंबही लाकूड खरवडतात. हा आकडा आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवा: चालू चक्कीच्या पात्यांच्या रेषेत कधीही उभं राहू नये.

पाती दोन प्लायवूडच्या तबकड्यांमध्ये स्क्रूंनी आवळा. टोकाटोकांमधली तिन्ही अंतरं मोजून सारखी करा. मग सगळा जोड केंद्रावर एका टोकदार खिळ्यावर टेकवा. ज्या बाजूला झुकेल त्याच्या विरुद्ध बाजूला शिशाचे तुकडे लावत तो समतोल करा. तोल न साधलेली चक्की खांब हलवते, आणि खांब हलला की बाकी सगळं सैल होतं.

शेपूट: जी चक्कीला वाचवते

शेपटीचं एक काम सगळ्यांना दिसतं, चक्कीचं तोंड वाऱ्याकडे ठेवणं. दुसरं काम तोंड वळवण्याचं आहे आणि ते अधिक मोलाचं. जनित्र खांबाच्या बरोबर मध्यावर न बसवता बाजूला सरकवून बसवतात; २.४ मीटरच्या चक्कीला साधारण १२ सेंटिमीटर. त्यामुळे वाऱ्याचा दाब चक्कीला सतत एका बाजूला वळवू पाहतो. शेपूट तिला रोखून धरते. पण शेपूट बसवलेली बिजागरी उभी नसून २० अंशांनी कललेली असते, म्हणून दुमडताना शेपूट वर उचलली जाते. वारा मर्यादेबाहेर गेला की दाब शेपटीच्या वजनावर मात करतो, शेपूट दुमडते आणि पाती वाऱ्याला तिरपी होतात. वारा उतरला की शेपूट स्वतःच्या वजनाने खाली येते.

या व्यवस्थेत स्प्रिंग नाही, वीज नाही, बिघडण्यासारखं काही नाही. किती फरक पडतो बघा. सेकंदाला १२ मीटरच्या वाऱ्यात पात्यांवर साधारण ३५ किलो वजनाएवढा आडवा दाब येतो. २५ मीटरच्या वादळात चक्की न वळता समोर राहिली तर तोच दाब दीडशे किलोच्या वर जातो.

शेपटीचा दांडा पात्याएवढा लांब, वरचा पंखा प्लायवूडचा, पात्यांच्या क्षेत्राच्या सुमारे दहाव्या भागाचा. चक्की किती वाऱ्यात वळते हे शेपटीचं वजन ठरवतं. सुरुवातीला हलकी ठेवा. दुमडायला लवकर लागली तर थोडी वीज जाईल, बाकी काही जाणार नाही. चाचण्या झाल्यावर पंखा जड करत जा. दुमडताना शेपूट पात्यांना लागू नये म्हणून दोन्ही टोकांना पोलादी अडसर वेल्ड करा.

खांब

एकट्या माणसाने चढून दुरुस्ती करावी असा खांब बांधू नका. मुळाशी बिजागरी असलेला, ताणतारांनी धरलेला आणि जमिनीवर आडवा करता येणारा पाइपचा खांबच घरगुती कामाला योग्य. ताणतारा चार दिशांना, दोन पातळ्यांवर. जमिनीतले खुंट खांबाच्या उंचीच्या निम्म्याहून थोडे जास्त अंतरावर. बारा मीटरच्या खांबाला सहा-सात मीटर. वरच्या तारा पात्यांच्या टोकाखाली याव्यात, म्हणजे वरचा दीड मीटर पाइप मोकळा राहतो आणि तो भाग जाड पाइपचा हवा.

गंजरोधक पोलादी दोर ६ ते ८ मिलिमीटरचा. प्रत्येक टोकाला थिंबल (दोराच्या वळणात बसणारी धातूची खोबण) आणि तीन क्लॅम्प. क्लॅम्पचा सपाट भाग ताण पडणाऱ्या लांब दोरावर आणि यू-बोल्ट कापलेल्या टोकाच्या बाजूला यावा. उलट लावला तर यू-बोल्ट ताणाचा दोरच चिरडतो. टर्नबकल (ताण कमी-जास्त करणारे स्क्रू) आवळून झाले की त्यांच्यातून तार ओवून बांधा. थरथरीने ते आपोआप सुटतात.

बिजागरीच्या आसाच्या रेषेत, डावी-उजवीकडे, एकेक खुंट यायला हवा आणि तोही बिजागरीच्याच पातळीवर. तसं असेल तर खांब उठताना बाजूच्या तारांचा ताण बदलत नाही. जमीन उतरती असेल तर उठवताना एक बाजू सैल आणि दुसरी तुटायला आलेली, अशी गत होते. उठवण्यासाठी मुळाशी काटकोनात जोडलेला, खांबाच्या निम्म्या लांबीचा मदतीचा पाइप आणि हाताची विंच घ्या. गाडीने ओढणं टाळा, चालकाला हाताखालचा ताण कळत नाही.

पहिल्यांदा खांब चक्कीशिवाय उठवा आणि तारा जुळवा. चक्की लावून उठवताना वारा पडलेला असावा, जनित्राच्या तिन्ही तारांची टोकं एकमेकींना जोडलेली असावीत आणि खांब पडू शकेल त्या पट्ट्यात माणूस, मूल, जनावर कुणीही नसावं.

वीज घरात आणणं

जनित्राच्या तीन तारा खांबाच्या आतून खाली येतात. वर सरकते संपर्क बसवण्याची गरज नाही. लवचिक केबल लोंबती ठेवा, चक्की वर्षभरात दोन्ही बाजूंना फिरते आणि पीळ बराचसा आपणच सुटतो.

केबलच्या जाडीत कंजूसपणा महाग पडतो. २४ व्होल्टवर ५०० वॉट म्हणजे २१ अँपिअर. खांब घरापासून ४० मीटरवर असेल आणि केबल ६ चौरस मिलिमीटर तांब्याची असेल तर जवळपास ५ व्होल्ट वाटेतच जातात, म्हणजे पाचवा हिस्सा. १६ चौरसची केबल घेतली तर दोनाच्या आत. किंवा ४८ व्होल्टची यंत्रणा करा; प्रवाह निम्मा होतो आणि तारेतली गळती चौथ्या हिश्श्यावर येते. अंतर तीस मीटरच्या पुढे असेल तर मी ४८ व्होल्टच घेईन.

घराशी क्रम असा. तीन तारा आधी ब्रेकच्या स्विचमध्ये. हा स्विच तिन्ही तारा एकमेकींना जोडतो आणि चक्की मंदावून थांबते. त्यानंतर उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्टीवर बसवलेला तीन फेजचा ब्रिज रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारा), मग फ्यूज, मग बॅटरी. ब्रेक नेहमी झुळकांच्या मधल्या शांततेत लावा. ऐन वादळात लावला तर पाती थांबत नाहीत आणि गुंडाळ्या मात्र जळतात. फ्यूज उडाला तर चक्की बिनओझ्याची पडते, म्हणून ब्रेक रेक्टिफायरच्या अलीकडे, जनित्राच्या बाजूलाच असला पाहिजे.

सौर पॅनलचा साधा चार्ज कंट्रोलर इथे चालत नाही. बॅटरी भरली की तो पॅनल तोडून टाकतो आणि पॅनलला त्याने काही होत नाही. चक्कीचं ओझं अचानक काढलं तर मात्र ती सुसाट सुटते आणि व्होल्टेज कुठल्या कुठे जातं. चक्कीला हवा तो उरलेली वीज वळवणारा कंट्रोलर. बॅटरी भरली की तो जास्तीची वीज तापकांत सोडतो आणि चक्की ओझ्याखालीच राहते. तापक चक्कीची पूर्ण ताकद पेलणारे हवेत. ६०० वॉटसाठी, बॅटरी २८.८ व्होल्टला भरत असेल तर, १.४ ओहमचा रोध लागतो. तो भिंतीपासून दूर, जाळीत, वर काही पेटण्यासारखं नसेल अशा जागी लावा.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिचं बीएमएस, म्हणजे आतलं संरक्षक सर्किट, धोका दिसला की बॅटरी स्वतःहून तोडतं, आणि चक्की मोकळी सुटते. म्हणून कंट्रोलरची मर्यादा बीएमएसच्या मर्यादेच्या बरीच खाली ठेवा, आणि बॅटरी तुटली तरी चक्कीच्या तारांवरचं व्होल्टेज बघून तापक चालू करणारा कंट्रोलर निवडा. रोज दोन युनिट आणि दोन दिवसांचा साठा धरला तर २४ व्होल्टवर लिथियम साधारण २०० अँपिअर-तास लागेल. लेड-अ‍ॅसिड निम्म्याखाली उतरवायची नसते, तेव्हा ती सव्वातीनशेच्या पुढे. लेड-अ‍ॅसिड भरताना हायड्रोजन सोडते, खोलीत हवा खेळती हवी.

बॅटरीपुढे प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना योग्य फ्यूज. इन्व्हर्टरची तार घरातल्या एखाद्या सॉकेटात खुपसून सगळ्या घराला वीज देण्याचा उद्योग कधीच करू नका. बाहेरची वीज गेलेली असताना तुमची वीज उलटी लाइनवर जाते आणि खांबावर काम करणारा लाइनमन मरतो. बाहेरच्या जाळ्याला, म्हणजे ग्रिडला, वीज द्यायचीच असेल तर वीज कंपनीची परवानगी आणि वीज जाताच आपोआप तुटणारा मान्यताप्राप्त इन्व्हर्टर घ्या. घरातली शेवटची जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी. विमानतळाजवळ असाल किंवा वस्तीत बांधकामाचे नियम असतील तर खांबाच्या उंचीची परवानगी काम सुरू करण्याआधी काढा.

खांब आणि प्रत्येक ताणतार वेगवेगळ्या अर्थिंगच्या सळईला जोडा आणि घरात शिरण्याआधी केबलवर सर्ज अरेस्टर (व्होल्टेजचा अचानक झटका जमिनीत सोडणारा) बसवा. वीज थेट कोसळली तर यातलं काहीच पुरत नाही. जवळपास पडली तर पुरतं.

चालू झाल्यावर

पहिल्या आठवड्यात रोज उभं राहून आवाज ऐका. पात्यांचा सुस्कारा चालेल, खडखड किंवा ठराविक लयीतला ठोका चालणार नाही. जोराच्या वाऱ्यात शेपूट दुमडते का ते डोळ्यांनी बघा. पहिलं वादळ होऊन गेलं की खांब आडवा करा, सगळे बोल्ट पुन्हा आवळा, तारांचे क्लॅम्प तपासा. नवे दोर ताण घेऊन थोडे लांबलेले असतात. ताण अंदाजाने नको, तार हाताने दाबून चारही दिशांना सारखी लवते का ते पहा.

नंतर वर्षातून एकदा, वाऱ्याचा हंगाम सुरू होण्याआधी, खांब खाली घ्या. पात्यांच्या पुढच्या कडा, तेलाचा थर, हबमधलं ग्रीस, शेपटीची बिजागरी आणि तिचे अडसर बघा. चकत्यांमधल्या फटीत पातळ पत्र्याची पट्टी सरकवून अंतर मोजा. कुठे कमी झालं असेल तर चुंबकाखाली गंज धरलाय किंवा रेझिन फुगलंय, आणि ते घासायला लागण्याआधी उघडणं भाग आहे. खांबाच्या पायथ्याशी केबलचा पीळ मोजा. चार-पाच वेढ्यांहून जास्त असेल तर खांब आडवा असतानाच जोड सोडा, पीळ काढा आणि पुन्हा जोडा.